ओळीतले आंबे
(अल्कांतारा, उत्तर ब्राझील)

अकरा साहेब आले सकाळच्या होडीनं,
सगळ्यांचे बूट एकाच डबीतून पॉलिश केल्यासारखे.
बसचा एसी शनिवारपासून बंद आहे
हे मी सांगितलं होतं, पण गेटवरच्या पोराला.
पोरानं ते कुणाला सांगायचं?
साहेब घामाघूम झाले, तरी कॉलरचं बटण
एकानंही सोडलं नाही. मोठा बसलाय तोवर
धाकटा कसा सोडेल?

थालिता बाईंनी पांढरी हेल्मेटं वाटली.
एका ब्रिगेडियरच्या डोक्यात काही केल्या बसेना.
त्यांनी ते काखेत धरलं,
बाजारातून आणलेल्या कलिंगडासारखं,
आणि दिवसभर तसेच हिंडले.

बाई दक्षिणेकडच्या. हुशार. भरभर बोलतात.
म्हणाल्या, विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर,
पृथ्वी इथं सगळ्यात जोरात फिरते,
रॉकेटला तेवढाच फुकटचा धक्का.
साहेबांनी माना डोलावल्या.
मी इथंच जन्मलो.
मला कधी चक्कर आली नाही.

मनोऱ्यापाशी सगळे वर बघत राहिले.
बाई दाखवत होत्या: या जाड केबली,
यांतूनच त्याला वीज, यांतूनच हवा,
आम्ही हिला नाळ म्हणतो.
शेवटच्या क्षणी ती आपोआप सुटते.
आणि नाही सुटली तर? एका कॅप्टननं विचारलं.
तर सगळंच जळतं, बाई हसून म्हणाल्या.
कॅप्टननं ते वहीत लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर कुणीतरी विचारलं,
इथं आधी काय होतं?
काही नव्हतं. झाडी होती.
बाई खोटं बोलल्या नाहीत.
त्यांना दिलेल्या नकाशात झाडीच आहे, हिरवी,
एकाच ब्रशनं फासलेली.
मी आरशात बघून गिअर बदलला.

तेव्हा मागच्या सीटवरचे मेजर जेनेझियो म्हणाले,
थांबव रे.
पिकल्या मिशांचे, सकाळपासून अवाक्षर न काढलेले.
खिडकीबाहेर बोट केलं:
ते आंबे ओळीत आहेत.
सात आहेत. मध्ये सारखी पावलं.
बसमध्ये कुणी बोललं नाही.
जंगल कधी ओळीत उभं राहत नाही, ते म्हणाले,
आम्हाला शिकवायला वर्षं लागतात.

बाईंनी घड्याळ बघितलं. पुढं इंधनघर होतं,
मग जेवण, मग चार वाजताची होडी.
मेजर तोवर खाली उतरलेसुद्धा.
तिसऱ्या झाडाखाली गेले, वाकले,
पडलेला एक फळ शर्टाला पुसलं,
आणि तिथूनच, बाईंकडं न बघता,
माझ्याकडं बघून विचारलं:
घेऊ?

बारा वर्षं ही बस हाकतोय.
आत यायला पास, थांबायला पास,
मुतायला उतरायचं तर वायरलेसवर विचारायचं.
मला कुणी काही मागितलं नव्हतं इथं.
आणि ऐन वेळी तोंडात आलं काय,
तर, आंबट आहे, साहेब. मीठ लागतं त्याला.

त्या झाडाच्या बुडाशी माझी नाळ पुरलीय,
हे नाही सांगितलं.
त्यांनी चाखलं. डोळे मिटले. तोंड वाकडं केलं.
कोय मात्र फेकली नाही,
रुमालात बांधून खिशात घातली,
पदकांच्या खालच्या खिशात.

संध्याकाळी वसाहतीत आलो.
सरकारनं दिलेली सिमेंटची घरं, नंबर घातलेली,
समुद्र इथून तीन तास पायी,
म्हणून मासळीवाला म्हणेल तो भाव.
आई दारात बाबासूच्या कोयी फोडत होती.
कुऱ्हाडीची धार वर, कोय धारेवर, वरून दांडकं.
वर न बघता म्हणाली, उडालं का आज?
नाही.
मग एवढी माणसं काय बघायला आली होती?
मी सांगितलं. ओळ, पावलं, रुमाल, सगळं.

दांडकं थांबलं.
मला वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली, सात?
आठ लावले होते तुझ्या बापानं.
विहिरीकडचा गेला का?

मला आठवेना.
आणि उद्या सकाळी पहिली फेरी माझीच आहे.